थेंब नाकातच थांबायला हवा

गुरुरावांचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या बसमध्ये होते, हूटगळ्ळीच्या थोडं अलीकडे. "मीनल, वत्सला गेली गं. झोपेतच गेली. त्रास नाही झाला." आवाज अगदी शांत होता. मी "बरं" म्हणाले आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. आपल्या माणसाच्या जाण्याची बातमी ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण त्या क्षणी मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं, सुटका होती. दुःख मागून आलं, यथावकाश आलं आणि अजून मुक्काम ठोकून आहे. सुटका मात्र पहिली आली. अक्कांची दुखण्यातून सुटका झाली होती, हे तर खरंच. माझी कशातून झाली होती, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अक्का म्हणजे वत्सला राव. मैसूरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या विषाणूंच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि नाकात घालायच्या फ्लूच्या लशीवर काम करत होत्या. त्यांचं घराणं मूळ सोसल्याचं, मठाच्या आश्रयानं राहिलेलं. पुढे आजोबा मैसुरात आले आणि सरस्वतीपुरमला स्थिरावले. घरात मराठी, पण ती अशी की निम्मं वाक्य कानडीत कधी शिरलं ते बोलणाऱ्यालाही कळू नये. मी नाशिकची, लग्न होऊन इकडे आले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी चांगले दोन परिच्छेद पाठ करून गेले होते, माझ्या शिक्षणाविषयी वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "आयतु, झालं. जेवून आलीस काय, की इथं जेवतीस?" माझ्या बोलण्याला त्या शेवटपर्यंत 'पेपरातली मराठी' म्हणत आल्या. आता हे खरोखरच पेपरात छापून येणार म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक करून मला काय काय ऐकवलं असतं, ते मी न लिहिलेलंच बरं.

लशीचं काम काय होतं ते सोपं करून सांगते. अक्कांना मी सांगितलेलं आवडलं नसतं, पण त्याला इलाज नाही. फ्लूचा विषाणू दर मोसमात बाहेरून थोडा बदलून येतो. त्याच्या अंगावर जे खुंट असतात, त्यांचा वरचा गोंडा बदलतो. आपली नेहमीची लस तो गोंडा ओळखायला शिकवते. म्हणून यंदा कुठला गोंडा येणार याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की लस तोकडी पडते. अक्कांना या अंदाजाचा भारी राग. "दर वर्षी पंचांग बघून लस करायची काय?" असं त्या भर बैठकीत विचारायच्या. गोंड्याखालचा दांडा फारसा बदलत नाही, विषाणूच्या पोटातले काही भागही बदलत नाहीत. तेच ओळखायला शिकवलं तर नात्यातला कुठलाही फ्लू आला तरी ओळखता यावा. आणि दुसरं असं की विषाणू शिरतो नाकातून, तर राखणही नाकातच बसवावी. दंडावर दिलेल्या सुईनं रक्तात बंदोबस्त होतो, नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरात तेवढा होत नाही. तेव्हा लस थेंबाच्या रूपात नाकात घालायची आणि ती दांडा ओळखायला शिकवणारी हवी. सांगायला एवढंच आहे. करायला मात्र आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

तरी आम्ही करत आणलं होतं. नंजुंडप्पा म्हणून आमचे एक सहकारी आहेत, निवृत्तीला टेकलेले. लशीचं द्रावण त्यांच्या हातचं. ते बसतात मागच्या इमारतीत आणि उंदरांची त्यांना मनापासून किळस आहे, त्यामुळे प्राण्यांच्या खोलीकडे ते फिरकत नाहीत. ती खोली माझी आणि पल्लवीची. पल्लवी रोज बन्नूरहून बसनं येते, हाताची फार हलकी, आणि बोलायला लागली की थांबत नाही. आम्ही उंदरांना लस द्यायचो, मग काही आठवड्यांनी वेगळ्याच, दूरच्या नात्यातल्या फ्लूला सामोरं करायचो आणि रोज त्यांचं वजन करायचो. उंदीर आजारी पडला की खाणं सोडतो आणि वजन उतरतं. आजार मोजायचं याहून सोपं साधन नाही. आमच्या लशीचे उंदीर मस्त खात राहायचे. निकाल इतके देखणे होते की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं पुढची पायरी घ्यायची तयारी दाखवली. आणि नेमकं तेव्हाच अक्कांच्या पोटात दुखायला लागलं.

निदान वाईट होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नाही, पण "बघू या" हे शब्द ज्या सुरात म्हटले, त्यातून अक्कांना काय ते कळलं. त्यांनी आम्हाला बोलावून आपला आजार एखाद्या कंटाळवाण्या अहवालासारखा समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "माझ्यासमोर सुम्ने, उगीच तोंड पाडून हिंडायचं नाही. काम आहे." आम्हीही मनाशी हिशेब केला की काम तर पूर्ण झालंच आहे, ते त्यांच्या डोळ्यांसमोर पुढे जाईल, त्यांना समाधान मिळेल. त्यांचं समाधान कशात आहे, हे आम्हाला इतकी वर्षं एकत्र काढूनही कळलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

झालं असं की गुरुरावांना सर्दी झाली. गुरुराव म्हणजे अक्कांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन आणि औषधाच्या बाबतीत अतिशय नाटकी. डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब दिले होते. ते पलंगावर आडवे झाले, खांद्याखाली उशी घेतली, मान मागे टाकली आणि दोन थेंबांच्या जागी अर्धी बाटली नाकात ओतली. मग उठून बसले आणि तोंड वेडंवाकडं करत "अय्यो, कडू, कडू" करत घरभर हिंडले. अक्का शेजारच्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मीनल, औषध नाकाचं. कडू लागलं घशात. मग नाकात काय राहिलं?" मला वाटलं, गुरुरावांची थट्टा चालली आहे. मी हसलेसुद्धा. त्या हसत नव्हत्या.

आमच्या प्रयोगशाळेत, आणि खरं तर जगात बऱ्याच ठिकाणी, उंदराला नाकातून काही द्यायचं तर आधी त्याला गुंगी देतात. मग त्याला सरळ धरून नाकपुड्यांवर चांगला मोठा थेंब सोडतात. झोपेतला उंदीर तो श्वासाबरोबर आत ओढून घेतो. ही रीत मुळात आजार देण्यासाठी आहे. उंदराच्या फुप्फुसापर्यंत विषाणू पोचवायचा असेल तर असाच द्यावा लागतो. आम्ही विषाणू ज्या हातानं देत होतो त्याच हातानं, त्याच मापानं, त्याच गुंगीत लसही देत होतो. हात बसला होता. असं दिल्यावर थेंब कुठवर जातो ते आम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही, पुस्तकात आहे. पण रोज चालणाऱ्या रस्त्याकडे कोण बघतं? अक्कांनी नंजुंडप्पांकडून निळा रंग मागवला, लशीच्या जागी तो पाण्यात घालून आमच्या नेहमीच्या रीतीनं एका उंदराला द्यायला लावला आणि मग तो उंदीर उघडून बघितला. नाकात पुसटसा रंग होता. फुप्फुसं मात्र गर्द निळी… दोन्ही.

म्हणजे आमचे देखणे निकाल खोटे नव्हते, पण ते नाकाचे नव्हते. लस फुप्फुसात जाऊन बसली होती आणि तिनं फुप्फुसं राखली होती. माणसाच्या नाकात आपण दोन थेंब टाकू तेव्हा ते नाकातच राहणार. तिथे ही लस काही करते की नाही, हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. तरी मी वाद घातला. मी अक्कांशी इतकी कधीच भांडले नव्हते. म्हटलं, निकाल पाठवू, ही त्रुटी त्यात स्वच्छ लिहू, पुढची प्रयोगशाळा बघून घेईल. सगळे असंच करतात. आमच्या संचालकांचंही तेच मत होतं. खरं म्हणजे माझ्या मनात वेगळंच होतं. नव्यानं सगळं करायचं तर महिने लागणार, आणि अक्कांकडे महिने होते का? मी चिडून विचारलं की आता, या तब्येतीत, कशाला हे उकरून काढता? त्या शांतपणे म्हणाल्या, "फुप्फुसात घातलेली लस फुप्फुस वाचवते, हे सांगायला मला इतकी वर्षं लागली असं लोकांनी म्हणावं काय? एक तर ती नाकात चालते, नाही तर नाही. मला ते कळल्याशिवाय जायचं नाही." मग स्वतःच जरा विचार करून म्हणाल्या, "जावं लागलं तर जाईन म्हण. पण कळलं तर बरं."

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. जागा उंदीर हातात धरायचा, गुंगी नाही. थेंब इतका बारीक की डोळ्याला जेमतेम दिसावा. तो एका नाकपुडीच्या टोकाशी टेकवायचा, उंदरानं तो आपण होऊन आत घेईपर्यंत थांबायचं, मग दुसरी नाकपुडी. जागा उंदीर म्हणजे काय ते ज्यानं धरलाय त्यालाच कळेल. तो चावतो, वळवळतो आणि आपली सगळी नाराजी तुमच्या हातमोज्यावर सोडतो. आधी निळा रंग देऊन बघितलं, फुप्फुसं स्वच्छ राहिली, रंग नाकात राहिला. तेव्हा कुठे अक्कांनी लशीला हात लावू दिला. पूर्वी सकाळच्या चहाआधी उरकणारं काम दुपारपर्यंत लांबू लागलं. अक्का सुरुवातीला येऊन स्टुलावर बसायच्या, अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. "स्वल्प थांब… घाई नको… हं, आता" एवढंच बोलायच्या. पुढे त्यांना जिना चढवेना. मग घरूनच फोन करायला लागल्या, दिवसातून इतक्या वेळा की पल्लवी म्हणाली, मॅडम इथे येत होत्या तेव्हा कमी त्रास होता.

याच सुमारास त्यांनी एक व्यवस्था लावून दिली. उंदरांचे दोन गट, दोन्ही जागे, दोघांनाही तसाच बारीक थेंब. एका गटाला लस, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. नंजुंडप्पांनी बाटल्या भरायच्या, एका प्रकाराला लाल टोपण, दुसऱ्याला पिवळं. कुठल्या टोपणाखाली काय, ते एकट्या नंजुंडप्पांना ठाऊक. त्यांनी ते कुणाला सांगायचं नाही आणि वजनांची चौकशी करायची नाही. वजनं फक्त आम्हाला, म्हणजे मला आणि पल्लवीला ठाऊक. आम्ही ती नंजुंडप्पांना सांगायची नाहीत. अशी आंधळी चाचणी सगळीकडेच करतात, देणाऱ्याच्या मनातली इच्छा हातात उतरू नये म्हणून. पण अक्कांनी ती यावेळी फारच कडक केली. आम्हा दोघींना नंजुंडप्पांबरोबर जेवायलासुद्धा बसू नका म्हणाल्या. मला ते अती वाटलं. त्यामागे आणखी काही असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन्ही गटांना दूरच्या फ्लूला सामोरं केलं त्याच आठवड्यात अक्कांना रुग्णालयातून घरी आणलं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी भेटायला गेले तेव्हा गुरुराव मला फाटकापाशीच थांबवून उभे राहिले. चप्पलही घातली नव्हती त्यांनी. म्हणाले, "मीनल, ती त्या उंदरांसाठी थांबली आहे बघ. दुसरं काही नाही. जे येईल ते येऊ दे, पण तिला चांगलंच सांग. एवढं कर माझ्यासाठी." मी हो म्हटलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस अनवाणी फाटकात उभं राहून एवढंच मागतो तेव्हा काय म्हणणार? आणि मग घरी परतताना पूर्ण रस्ता तेच डोक्यात घोळत राहिलं. अक्कांना खोटं सांगायचं… ज्या बाईनं मरता मरता आपलं देखणं यश स्वतःच्या हातानं उघडून बघितलं होतं, तिला? आणि खरं सांगायचं, की इतकी वर्षं पाण्यात गेली, दोन्ही गट सारखेच आजारी पडले, आता मिटा डोळे? मला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. देवाला नवस बोलायचा तर काय बोलू, हेही कळेना. उंदरांची भूक वाढू दे, असा नवस कुठल्या देवळात चालतो?

वजनं सुरुवातीला दोन्हीकडे उतरली. माझं अवसानच गळालं. मग लाल खुणेच्या पिंजऱ्यांतली उतरतच राहिली, पिवळ्या खुणेची थांबली. पिवळे उंदीर दोन दिवस अंग चोरून बसले होते, ते पुन्हा खायला लागले. पल्लवी कानडीत पुटपुटत वजनकाटा पुन्हा पुन्हा शून्यावर आणत होती, कारण तिचा काट्यावर विश्वास बसत नव्हता. एव्हाना वाचक म्हणतील, मग झालं की! तसं नाही. काही लशींनी आजार उलट वाढतो, हे आमच्या शास्त्रात घडलेलं आहे. लस लाल टोपणाखाली असेल तर? आमच्या लशीनंच ते उंदीर जास्त आजारी पडले असतील तर? म्हणजे आता निकाल नुसता वाईट असण्याचीच नव्हे, भयंकर असण्याचीही शक्यता होती, आणि ते ज्या एका माणसाला माहीत होतं त्याला विचारायची मला बंदी होती.

शेवटची वजनं घेतली त्या दिवशी दुपारी मी सरस्वतीपुरमला गेले. अक्का पुढच्या खोलीत पडून होत्या, खिडकीशी. खूप बारीक झाल्या होत्या, पण डोळे तसेच, परीक्षकाचे. गुरुराव दाराशी उभे राहिले आणि माझ्याकडे असं बघायला लागले की मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अक्का म्हणाल्या, "वजनं सांग. टोपणाच्या रंगानं. चांगलं-वाईट काही बोलू नको." मी सांगितली. लाल, पिवळी, रोजची. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी मला नंजुंडप्पांना फोन लावायला सांगितला आणि तो उशीवर ठेवायला लावला. "नंजुंडप्पा, वजनं तुम्हाला कुणी सांगितली नाहीत, अल्लवा? आयतु. आता सांगा. लस कुठल्या टोपणात?"

फोन तुटला असं मला वाटलं. गुरुरावांनी दाराची चौकट धरली होती. पुन्हा अक्का म्हणाल्या, "सांगा की." मग नंजुंडप्पांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि ते अगदी हरलेल्या माणसासारखे म्हणाले, "हळदी, मेडम. हळदी."

पिवळ्याला कानडीत हळदी म्हणतात. मला रडू कोसळलं. अक्कांना नाही. त्यांनी डोळे उघडून आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघांना सांगून ठेवलं होतं ना, मला चांगलं सांगा मणून? मला माहीत होतं तुम्ही सांगणार. मणूनच तर एकाच्या हाती सगळं दिलं नाही." गुरुराव दारातून वळले. आत स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. अक्कांनी त्यांना तसं थोडा वेळ रडू दिलं. मग हाक मारून कॉफी मागितली. दोन घोट घेतले असतील. मला म्हणाल्या, "नाचू नका इतक्यानं. पिवळेसुद्धा पहिले दोन दिवस उतरले. फ्लूच्या एका जातीपुरतं आहे, उंदरापुरतं आहे. बाकीच्या जाती करायच्या, मग दुसरे प्राणी. पण नाकात चालते. फुप्फुसाला न शिवता चालते." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्यासाठी नसावं.

नंजुंडप्पा मला दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. गुरुरावांनी त्यांनाही फोन करून तीच विनंती केली होती आणि त्यांनीही हो म्हटलं होतं. "मी खोटं बोलायला तयार होतो हो," ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "पण कुठला रंग सांगितला म्हणजे बाईंना आनंद होईल, तेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून खरं सांगितलं." आम्ही दोघं जिन्यात उभं राहून इतके हसलो की वरून कुणीतरी डोकावलं. कित्येक महिन्यांत मी तशी हसले नव्हते.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. पण ते दिवस चांगले गेले. दुखणं होतं, औषधानं झोप येत असे. जाग आली की काही ना काही चौकशी. गुरुरावांशी त्या शेवटी फक्त घरातलं बोलायच्या, कुठल्या बँकेत काय आहे, कुठलं भांडं कुणाला द्यायचं. माझ्यापाशी कामाचं, त्यांच्यापाशी घराचं, अशी वाटणी करूनच गेल्या. म्हणून त्या सकाळी बसमध्ये माझ्या तोंडून "बरं" निघालं. त्यांना कळलं होतं, आणि खरं तेच कळलं होतं. मला काहीही रचून सांगावं लागलं नव्हतं.

शोकसभा झाली. तिथे एका पाहुण्यांनी या लशीनं आता जगातला फ्लू संपणार असं जाहीर करून टाकलं. अक्का तिथे असत्या तर उठून निघून गेल्या असत्या. मी उभी राहिले आणि काय दिसलं, कुणात दिसलं, काय अजून बघायचंय, तेवढं सांगून खाली बसले. टाळ्या पडल्या नाहीत. मला मात्र बरं वाटलं.

सध्या फ्लूच्या पुढच्या जातीचं काम चालू आहे. अक्कांचा एक नियम होता, तो वर सांगायचा राहिला. थेंब आत घेतल्यावर उंदीर शिंकला, तर तो गणतीतून बाद. लस किती आत राहिली आणि किती बाहेर उडाली ते सांगता येत नाही, म्हणून तो उंदीर प्रयोगाबाहेर, मग त्यासाठी कितीही खटपट केलेली असो. मागच्या आठवड्यात आमचं त्या दिवसाचं काम अगदी संपत आलं होतं. दुपार कलली होती, हात भरून आले होते, दोघींचं जेवण व्हायचं होतं आणि एकही जादा उंदीर शिल्लक नव्हता. एक बाद झाला असता तर तो गट पुन्हा नव्यानं उभा करावा लागला असता. मी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून हात धूत होते. नळ चालू होता. मागून पल्लवी म्हणाली, "सीनितु, मेडम."

मी वळले. ती उंदराला हातात धरून उभी होती. तो शिंकला हे तिच्याखेरीज जगात कुणालाच कळलं नसतं.

"बाजूला ठेव," मी म्हटलं. तिनं ठेवला, आणि आम्ही पुढच्या आठवड्यासाठी सगळं पुन्हा मांडायला घेतलं.